राखीव: कुणासाठी आणि कुणापासून?

गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघं मोटरसायकलवर भीमाशंकरला निघालो होतो. जुन्नरहून घोडेगाव, तिथून डिंभे धरणाच्या कडेकडेनं वर. धरण मागं पडलं, चढ लागला आणि गाडीनं दोन आचके देऊन मान टाकली. आमच्या ह्यांनी खाली न बघताच डावा हात टाकीखाली घातला, कॉक फिरवला, किक मारली आणि म्हणाले, "कुछ नहीं, रिजर में लगी." गाडी पुन्हा सुरू झाली. टाकीच्या तळाशी अडचणीच्या वेळेसाठी ठेवलेलं थोडं पेट्रोल असतं, तेवढ्यावर पुढचा रस्ता काढायचा. थोडं पुढं गेल्यावर एका वळणावर पाटी दिसली: 'राखीव वन'. म्हणजे तेही रिझर्वच.

एरवी मी त्या पाटीकडं बघितलंही नसतं. पण त्या आठवड्यात हा शब्द माझ्या डोक्यातून जात नव्हता, आणि त्याला कारण माझा दहावीचा वर्ग.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. बी.एड. करून शाळेत लागले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी अर्ज कसा भरायचा ते शिकवत होते. फळ्यावर नमुना अर्ज काढला होता आणि त्यात 'आरक्षण प्रवर्ग' असा रकाना होता. वर्गात एक महादेव कोळी मुलगा आहे, डोंगरातल्या वाडीवरचा, इथं वसतिगृहात राहून शिकतो. मागच्या बाकावरून कुणीतरी त्याला म्हणालं, "तुला काय टेन्शन, तुझी सीट राखीव!" वर्ग हसला. तो मुलगा फारसा बोलत नाही. पण त्या दिवशी तो उभा राहिला आणि म्हणाला, "आमचं जंगल पण राखीवच आहे. तिथं माझ्या आईला लाकूड आणू देत नाहीत."

वर्ग गप्प झाला. मग आमच्याच गल्लीतली एक मुलगी, अभ्यासात हुशार, हळूच म्हणाली, "मॅडम, आणि आमचं काय राखीव आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. 'राखीव म्हणजे बाजूला काढून ठेवलेलं' असा अर्थ मीच फळ्यावर लिहिला होता. तो चुकीचा नव्हता, पण या दोन मुलांना पुरणारा नव्हता. म्हणून हा लेख.

इंग्रजीतला 'रिझर्व' लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. 'री' म्हणजे मागे आणि 'सर्वारे' म्हणजे राखणं, सांभाळणं. मागे राखून ठेवणं, एवढाच मूळ अर्थ. आपल्याकडं मात्र त्यानं केवढा संसार मांडला आहे ते बघा. रेल्वेचं रिझर्व्हेशन सगळ्यांना ठाऊक आहे. एसटीत खिडकीच्या वर रंगवलेलं असतं, विधानसभा सदस्य, स्वातंत्र्यसैनिक, महिला, अपंग. नोटेवर देवनागरीतही 'रिज़र्व बैंक'च छापलेलं असतं. त्याच नोटेवरच्या भाषांच्या पट्टीत मराठी आणि उर्दू दोन्ही आहेत, पण रिझर्वचा तर्जुमा करण्याच्या भानगडीत सरकार पडलं नाही. १ एप्रिल १९३५ ला ही बँक सुरू झाली तेव्हापासून तिच्या नावातला हा शब्द तसाच आहे. लिलावात राखीव किंमत असते, तिच्या खाली माल सुटत नाही. क्रिकेटमध्ये राखीव खेळाडू असतो, तो पाणी घेऊन मैदानात धावतो. राज्य राखीव पोलीस दल असतं. आमच्या लहानपणी गावात सणासुदीला तणाव असला की मोहल्ल्याच्या तोंडाशी त्यांची गाडी उभी राहायची आणि आम्ही मुलं म्हणायचो, "एसआरपी आली." त्यातला 'आर' कशाचा, हे मला फार उशिरा कळलं.

माणसाचा स्वभावही रिझर्व असतो. माझं लग्न ठरताना मध्यस्थ बाईंनी सासरच्यांना सांगितलं होतं, "लडकी पढीलिखी है, जरा रिजर्व है." ही माझी तारीफ होती की इशारा होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मराठीत आपण याला 'राखीव' म्हणतो. राखणे हे क्रियापद 'रक्ष्' धातूवरून आलं. राखण, राखणदार, राखी, हे सगळे एकाच घरातले. दुसऱ्याची गुरं सांभाळायची ती राखोळी. बेरजेत हातचा राखतात, आणि बोलतानाही काही लोक हातचं राखून बोलतात. उर्दूत राखीव जंगलाला 'महफूज जंगल' म्हणतात. महफूज, हिफाजत, मुहाफिज, हाफिज, सगळे हे-फे-जोय या तीन अक्षरांतून निघालेले. कुरआन ज्यानं छातीत जपून ठेवला तो हाफिज. निरोप घेताना आपण खुदा हाफिज म्हणतो. याच मुळापासून 'तहफ्फुजात' झाला, आणि या शब्दाची गंमत मी दरवर्षी वर्गात सांगते. हैदराबादच्या उर्दू वर्तमानपत्रात 'मुस्लिम तहफ्फुजात' छापून आलं तर त्याचा अर्थ मुस्लिम आरक्षण. तेच कराचीच्या वर्तमानपत्रात एखाद्या पुढाऱ्यानं 'तहफ्फुजात जाहीर केले' तर त्याचा अर्थ त्यानं हरकती, शंका बोलून दाखवल्या. इंग्रजीतही 'रिझर्व्हेशन्स' शब्दाला हे दोन्ही अर्थ आहेत. आमच्या वाट्याला आरक्षणापेक्षा हरकतीच जास्त आल्या, असं मी गमतीनं म्हणते, पण ती गंमत पूर्ण गंमत नाही.

आता व्याकरणाकडं येते, कारण माझं उत्तर मला तिथंच सापडलं. 'राखीव' हे विशेषण एकटं असलं की अर्धवट असतं. त्याला पुढं 'साठी' लागतं किंवा 'पासून' लागतं. महिलांसाठी राखीव. आणि जनावरांपासून राखलेलं शेत. ही दोन शब्दयोगी अव्ययं पाटीवर कधी लिहिलेली नसतात. एसटीतल्या सीटवर 'साठी' गृहीत असतं. जंगलातल्या पाटीवर 'पासून' गृहीत असतं. त्या मुलाच्या आयुष्यात दोन्ही पाट्या होत्या, आणि वर्ग त्यातल्या एकाच पाटीवर हसला होता.

जंगल राखणं ही काही इंग्रजांनी आणलेली कल्पना नव्हे. भीमाशंकरच्या परिसरात आहुप्यासारख्या गावांत देवराया आहेत. देवाच्या नावानं सोडलेलं रान, तिथं कुऱ्हाड चालवायची नाही, हा गावानंच घातलेला नियम. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करून शास्त्रज्ञांचं लक्ष त्यांच्याकडं वेधलं. मराठेशाहीत घोडदळाच्या चाऱ्यासाठी कुरणं राखली जात. जुन्नर तालुक्यात कुरण नावाचं गावच आहे. आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी जे सांगितलं आहे ते प्रसिद्धच आहे: आंबा, फणस यांसारखी झाडं रयतेनं लेकरासारखी वाढवलेली असतात, त्यांना हात लावायचा नाही, आणि जीर्ण झालेलं एखादं झाड घ्यायचंच असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यायचं. या सगळ्यात राखणं आहे, पण राखणाऱ्याला 'हे झाड कुणाचं?' हा प्रश्न पडतो.

१८७८ चा जंगल कायदा आला आणि हा प्रश्न मागं पडला. त्याआधी १८६५ चा एक कायदा होता, पण खरा घाव १८७८ चा. त्यानं जंगलाचे तीन प्रकार केले: राखीव, संरक्षित आणि ग्रामवन. 'राखीव' आणि 'संरक्षित' हे शब्द आपल्या कानाला सारखेच लागतात. कायद्यात त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. संरक्षित जंगलात जे मना केलेलं नाही ते चालतं. राखीव जंगलात जे परवानगीनं दिलेलं नाही ते सगळं मना. गुरं चारणं, पाला तोडणं, सरपण आणणं, नुसतं आत पाऊल टाकणंसुद्धा.

आणि ज्यांचे हक्क आधीपासून होते त्यांचं काय? त्यासाठी कायद्यात सोय होती. सरकार जाहीरनामा काढणार, किमान तीन महिन्यांची मुदत देणार, त्या मुदतीत ज्यानं त्यानं अधिकाऱ्यापुढं आपला हक्क मांडायचा. जो मांडला नाही तो हक्क संपला. कागद वाचता येत नाही असा माणूस, पावसात तुटलेली वाडी, दिवसभराच्या चालीवरची कचेरी, आणि तीन महिने. कितीजण पोचले असतील, याचा अंदाज मी शिक्षिका म्हणून सहज करू शकते. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत हुकलेली मुलं मी दरवर्षी बघते.

या कायद्याला आपल्याकडून विरोध झाला. पुणे सार्वजनिक सभेनं हरकत घेतली. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना जंगलखात्यावर कोरडा ओढला, की डोंगर, दऱ्या, गायरानं सगळी आत घेतली आणि गरिबाच्या शेळीला तोंड घालायला जागा ठेवली नाही. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला जंगल कमिशन नेमावं लागलं. भीमाशंकरचा कडा उतरला की खाली ठाणे आणि तेव्हाचा कुलाबा हेच दोन जिल्हे. १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलात गवत कापून सत्याग्रह केला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. मीठ उचलणं हा गुन्हा, तसा गवत कापणं हाही गुन्हा होता.

मधेच एक विचित्र गोष्ट घडली, ती सांगते. १९१९ च्या सुधारणा कायद्यानं प्रांतांचा कारभार दोन भागांत वाटला. पोलीस, जमीनमहसूल ही 'राखीव' खाती, ती गव्हर्नरच्या हातात. शिक्षण, आरोग्य ही 'सोपीव' खाती, ती आपल्या मंत्र्यांच्या हातात. जंगल खातं बहुतेक प्रांतांत राखीव होतं, पण मुंबई प्रांतात ते सोपीव होतं. म्हणजे भीमाशंकरचं जंगल राखीव, पण त्याचं खातं सोपीव. एकाच सरकारच्या कागदांवर एकाच शब्दाचे दोन अर्थ होते. या शब्दाचा खुंटा किती सैल आहे, हे यावरून कळावं.

१८७८ चा कायदा जाऊन १९२७ चा आला, पण राखीव जंगलाचं प्रकरण जवळपास तसंच राहिलं, आणि तो कायदा आजही लागू आहे. स्वातंत्र्यानंतर १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य झालं, सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं, आंबेगाव, खेड, कर्जत आणि मुरबाड तालुक्यांत पसरलेलं. शेकरूसाठी ते राखलं, आणि शेकरू आपला राज्यप्राणी आहे. शेकरू वाचला पाहिजे, यात शंकाच नाही. मीही मुलांना झाडावरचं त्याचं घरटं बोट करून दाखवते. पण 'साठी' शेकरूला मिळालं तेव्हा 'पासून' कुणाच्या वाट्याला गेलं, तेही विचारायला हवं.

खाली डिंभ्याचं पाणी आहे. त्याला इंग्रजीत 'रिझर्व्हॉयर' म्हणतात, तोही याच शब्दाचा भाऊ. कुकडी प्रकल्पातलं हे धरण. त्याचं पाणी खालच्या उसाला आणि भाजीपाल्याला जातं, आमच्या ताटातही येतं. त्या पाण्यात आंबेगाव नावाचं गाव बुडालं. तालुक्याला नाव उरलं, कचेरी घोडेगावात राहिली. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे, ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. विस्थापित कोळ्यांनी 'शाश्वत' या संस्थेच्या मदतीनं त्याच पाण्यात मासेमारीचा हक्क मिळवला आणि उतारावर पडकई करून भातखाचरं उभी केली. त्या कामाला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. ज्यांच्यापासून राखलं होतं, त्यांनी थोडं आपल्यासाठी परत आणलं.

आता सीटकडं येते.

आपल्या भागात नोकऱ्या राखून ठेवण्याचा पहिला मोठा हुकूम राजर्षी शाहू महाराजांचा, २६ जुलै १९०२ चा. कोल्हापूर संस्थानातल्या निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी. त्यात मागासलेले कोण, ते त्यांनी उलट बाजूनं सांगितलं: ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले सोडून बाकीचे सगळे. म्हणजे मुसलमान त्यात आपोआप आले. १९०६ मध्ये महाराजांनी मुसलमानांच्या शिक्षणासाठी संस्थाही उभी केली. तिथं प्रश्न एवढाच होता, कोण मागं राहिलं आहे.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०९ मध्ये, मोर्ले-मिंटो सुधारणा आल्या आणि मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. ही वेगळीच गोष्ट होती. तिथं प्रश्न मागासलेपणाचा नव्हता, सत्तेतल्या वाट्याचा होता, आणि मतदार अलग केलेले होते. १९३२ मध्ये पुणे करार झाला, आपल्या येरवड्याच्या तुरुंगात, २४ सप्टेंबरला. त्यात दलितांचे स्वतंत्र मतदारसंघ जाऊन संयुक्त मतदारसंघात राखीव जागा आल्या. 'अलग' आणि 'राखीव' यांतला फरक त्या कराराच्या पोटात आहे. पण सामान्य बोलण्यात दोन्हींची सरमिसळ झाली ती कायमचीच.

संविधानाच्या मसुद्यात मुसलमानांसाठी कायदेमंडळात राखीव जागा होत्या. मे १९४९ मध्ये संविधान सभेनं त्या काढून टाकल्या. बेगम ऐजाज रसूल यांच्यासारख्या मुस्लिम सदस्यानंच राखीव जागा नकोत असं मांडलं होतं. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या, त्या काळात ते का वाटलं हे समजतं. पण त्याचा एक परिणाम असा झाला की 'मुसलमान' आणि 'राखीव' हे दोन शब्द शेजारी आले की लोकांना १९०९ आठवतं, फाळणी आठवते. १९०२ कुणाला आठवत नाही. माझ्या वर्गातली मुलगी आमदारकी मागत नव्हती. ती अकरावीच्या प्रवेशाबद्दल विचारत होती.

संविधानानं मागासलेपणाचा रस्ता मोकळा ठेवला. कलम १६ (४) मध्ये 'नागरिकांचा मागासवर्ग' असा शब्द आहे, धर्माचं नाव नाही. याच रस्त्यानं नव्वदच्या दशकात शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या साथीदारांनी महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली आणि अनेक मुस्लिम बिरादऱ्यांच्या मुलांना ओबीसीचे दाखले मिळू लागले. आदिवासींच्या यादीला तर धर्माची अट मुळातच नाही. जळगाव जिल्ह्यात यावल, रावेरकडचे तडवी भिल्ल मुसलमान आहेत आणि अनुसूचित जमातीतही आहेत. अनुसूचित जातींची यादी मात्र १९५० च्या आदेशानं हिंदूंपुरती ठेवली गेली. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. मुसलमान आणि ख्रिस्ती दलित अजून बाहेर आहेत. सफाई तेच करतात, कातडं तेच कमावतात. नाव बदललं की मागासलेपण संपतं, असं त्या आदेशाचं म्हणणं आहे.

२००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. महाराष्ट्रात महमूद-उर-रहमान समितीनं २०१३ मध्ये आठ टक्के आरक्षणाची शिफारस केली. जुलै २०१४ मध्ये सरकारनं अध्यादेश काढला, मराठ्यांना सोळा टक्के आणि पन्नास मुस्लिम समूहांना पाच टक्के. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयानं मराठा आरक्षण थांबवलं, मुसलमानांचं नोकऱ्यांतलं थांबवलं, पण शिक्षणातले पाच टक्के चालू ठेवायला हरकत घेतली नाही. जे कोर्टात टिकलं होतं, त्याचा कायदा मात्र सभागृहात झाला नाही. अध्यादेशाची मुदत संपली आणि ते पाच टक्केही संपले. पुन्हा मुदतच. १८७८ मध्ये तीन महिने होते, इथं थोडे जास्त.

या दोन इतिहासांना जोडणारी एक गोष्ट मला भीमाशंकरच्या त्या पाटीखाली उभं राहून लक्षात आली. त्या कोळी मुलाची कॉलेजातली जागा आणि त्याच्या आईचं बंद झालेलं रान, हे एकाच हिशेबाचे दोन रकाने आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या सुरुवातीलाच 'ऐतिहासिक अन्याय' झाला असं संसदेनं मान्य केलं आहे. म्हणजे त्याला मिळालेली जागा ही खैरात नाही. ज्यांच्यापासून रान राखलं, त्यांच्यासाठी चार जागा राखल्या. हिशेब पुरा झाला असं कुणी म्हणू नये. पण 'तुझी सीट राखीव' म्हणून हसणाऱ्यानं दुसरा रकानाही वाचावा.

त्याच कायद्यात बिगर-आदिवासी वनवासींना हक्क मागायचा तर तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, हिरड्याचा व्यापार करायचे. उन्हाळ्याच्या तोंडाला डोंगरातले कोळी बाजारात हिरडा घेऊन यायचे, दादा तो घेऊन कातडी कमावणाऱ्यांना पोचवायचे. त्यांची उर्दूत लिहिलेली वही माझ्या वडिलांनी बरीच वर्षं जपली, मग एका पावसात ती भिजून गेली. आम्ही जंगलात राहणारे नव्हतो, आमचा काही दावा नाही. पण कागद टिकवणं किती अवघड असतं हे मी घरात बघितलं आहे. दादा जंगलाला 'रिजर' म्हणायचे. 'रिजर' लागलं की माल महाग होतो आणि माणूस स्वस्त, एवढंच त्यांचं अर्थशास्त्र होतं.

शेवटी मला आमच्याच परंपरेतला एक शब्द आठवला: 'हिमा'. अरबीत राखीव कुरणाला हिमा म्हणतात. इस्लामपूर्व काळात एखादा बलाढ्य सरदार टेकडीवर जाऊन आपला कुत्रा भुंकायला लावायचा आणि भुंकणं जिथपर्यंत ऐकू जाईल तिथपर्यंतचं कुरण आपलं म्हणायचा, अशी रिवायत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ही पद्धत मोडली आणि हिमा अल्लाह आणि त्याच्या रसूलखेरीज कुणाचा नाही, असं ठरवलं. म्हणजे तो कुणा बड्याचा खासगी नाही, सगळ्यांच्या भल्याचा. पुढं हजरत उमर (रजि.) खलिफा असताना त्यांनी हिमावर एक राखणदार नेमला. त्याला त्यांनी जे सांगितलं ते सहीह बुखारीत आहे. ज्याच्याकडं थोडे उंट, थोड्या शेळ्या आहेत त्याला आत येऊ दे. अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांच्या कळपांना बाहेर ठेव. हे दोघं मोठे सहाबी, पण श्रीमंत. त्यांची जनावरं मेली तरी त्यांच्याकडं खजुरीच्या बागा आणि शेती आहे. गरिबाची मेली तर तो लेकरं घेऊन माझ्या दारात येईल, आणि सोनं-चांदी देण्यापेक्षा गवत-पाणी देणं मला सोपं आहे. याच सांगण्यात त्यांनी हेही कबूल केलं की ही जमीन त्या लोकांचीच आहे, आणि आपण त्यांच्यावर जुलूम केला असं त्यांना वाटत असेल.

राखणं तिथंही होतं, आणि राखणदारही होता. पण 'साठी' कुणाला आणि 'पासून' कुणाला, हे त्यांनी नावं घेऊन सांगितलं. आणि बाहेर ठेवायची नावं गरिबांची नव्हती.

भीमाशंकरहून परत आल्यावर सोमवारी मी तोच वर्ग घेतला. फळ्यावर फक्त 'राखीव' लिहिलं आणि त्याच्यापुढं तीन प्रश्न लिहिले: कुणासाठी? कुणापासून? आणि राखतो कोण? मुलांना सांगितलं, रोजच्या बघण्यातली उदाहरणं आणा आणि तिन्ही रकाने भरा. रेल्वेचा डबा आला, एसटीची सीट आली, दर्ग्याजवळची दफनभूमी आली, शाळेची प्रयोगशाळासुद्धा आली, जिचं कुलूप वर्षातून चारदा उघडतं. मागच्या बाकावरच्या त्या मुलानं मोटरसायकलचं उदाहरण दिलं: गाडीसाठी, गाडीपासून, आणि राखतो गाडीवाला. सगळे हसले, पण त्याचं उत्तर बरोबर होतं. कोळी मुलानं दोन उदाहरणं लिहिली, जंगल आणि सीट. दोन्हींसमोर तिसऱ्या रकान्यात त्यानं 'सरकार' लिहिलं, आणि जंगलासमोरचं 'सरकार' खोडून 'आधी आम्ही' असं केलं.

आमच्या गल्लीतल्या मुलीनं वहीत एकच ओळ लिहिली होती, 'अकरावी प्रवेश', आणि तिन्ही रकाने कोरे सोडले होते. मी ते भरले नाहीत. तिच्या बिरादरीचं नाव ओबीसी यादीत आहे, पण घरात कुणी दाखला काढलेला नाही, हे मला चौकशी केल्यावर कळलं. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या जागी नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं आहे. आता तिचे अब्बा जुन्या नोंदी शोधत कचेरीच्या खेपा घालतायत. अर्जाची मुदत अजून संपलेली नाही.